ड्रोनची ‘ओरिजिनल’ पाती घेताना मी फसलो, तुम्ही फसू नका

ऐन लगीनसराईत माझ्या डीजेआय कंपनीच्या मिनी टू ड्रोनचं एक पातं आंब्याच्या फांदीला लागून चिरलं. दोन दिवसांवर हरिपूरचं प्री-वेडिंग शूट होतं. आम्हा फोटोग्राफरांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुट्या भागांचा एक विक्रेता रोज तोच फोटो टाकायचा. हिरव्या टेबलक्लॉथवर मांडलेली सीलबंद पाकिटं, खाली ‘१०० टक्के ओरिजिनल’. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन परदेशातून आणायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही. त्यामुळं भाग कुणाकुणाच्या हातून येतात आणि आपण फार चौकशी करत नाही. मीही केली नाही. ‘दादा, नगास नग कंपनीचा माल, डोळे झाकून लावा,’ तो विक्रेता म्हणाला. बिल मागितलं तर ‘पाठवतो की’. पैसे त्याच्या खासगी नंबरवर गेले. सांगली स्टँडवर एका पोराच्या हातून पाकीट मिळालं.

संच चारही मोटारींचा होता. एका मोटारीला दोन, अशी आठ पाती आणि आठ स्क्रू. खुणेची पाती ड्रोनच्या खुणेच्या हातांवर (मोटारी धरणाऱ्या दांड्यांवर), बिनखुणेची उरलेल्या दोन हातांवर, अशी मी नीट लावली. समोरासमोरच्या तिरप्या दोन मोटारी एकीकडे फिरतात आणि बाकीच्या दोन उलट्या, म्हणून पात्यांचे पीळही दोन प्रकारचे असतात. एवढं मला ठाऊक होतं. स्क्रूकडे मात्र मी बघितलं नाही. कंपनीच्या नव्या स्क्रूच्या आट्यांवर निळसर लेप असतो. मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, त्या थरथरीत स्क्रू ढिला होऊ नये म्हणून तो लावलेला असतो. माझ्या पाकिटातले आठही स्क्रू कोरे, चकचकीत होते.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या घाटाजवळ शूट होतं. मुलीचं घराणं हळदीच्या व्यापारातलं. पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांची, जागा वरून दिसलीच पाहिजे, असा तिच्या आजोबांचा आग्रह होता. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं बुडाली, तेव्हा तिथं आता काय दिसणार, हे त्यांनाही माहीत होतं. तरी मी ड्रोन तिकडून फिरवून आणला. मोबाईलच्या पडद्यावर चित्राला पाण्यासारख्या बारीक लाटा येत होत्या. मला वाटलं, नदीवरचा वारा असेल. तिथंच उतरवायला हवा होता.

बाराव्या मिनिटाला, साधारण वीस मीटरवर असताना, वर टर्रर्र आवाज झाला, ड्रोन गरगरला आणि दगडासारखा खाली आला. चारातली एक मोटार कामातून गेली की हा ड्रोन तोल सावरू शकत नाही. घाटाच्या पायरीवर आपटला. नवरीची धाकटी बहीण ओढणी धरून उभी होती, तिच्यापासून हातभर अंतरावर. २४९ ग्रॅमचं यंत्र, पण वीस मीटरवरून डोक्यात बसलं असतं तर? ती पोरगी रडायला लागली आणि मला तिच्या आईकडं बघवेना. कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल तुटला. एका मोटारीवर एकच पातं उरलं होतं, दुसऱ्याचा स्क्रूच गायब. बाकीचे सात नखानं फिरवून पाहिले, तर तीन हलत होते.

संध्याकाळी त्या विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, ‘तुम्ही पाती उलटसुलट बसवलीत.’ ही शुद्ध बनवाबनवी आहे. चुकीच्या हातावर पातं बसलं तर ड्रोन उडतानाच कलंडतो, बारा मिनिटं हवेत राहत नाही. हे सांगितलं तर त्यानं फोन ठेवला, मग नंबर ब्लॉक केला.

ओळखीच्या सोनाराकडं जाऊन उरलेली पाती काट्यावर ठेवली. एकाच मोटारीवरच्या दोन पात्यांत ८० मिलिग्रॅमचा फरक होता. जोडीतली पाती वजनाला सारखी हवीत, नाहीतर मोटार थरथरते, चित्राला लाटा येतात आणि लेप नसलेला स्क्रू त्याच थरथरीनं सुटतो. त्या लाटांचं कारण तेव्हा कळलं.

म्हणून हात जोडून सांगतो, पाकीट फोडल्यावर आधी स्क्रूचे आटे बघा, त्यांवर निळसर लेप आहे का ते. जुना काढलेला स्क्रू परत लावू नका, लेप एकदाच कामाचा असतो. एक पातं तुटलं तरी त्या मोटारीवरची दोन्ही बदला, आणि तीही एकाच पाकिटातली. स्क्रू ड्रोनसोबत आलेल्या पेचकसानंच आवळा. आवळल्यावर पातं आडवं सहज फिरलं पाहिजे, पण वर-खाली डुगडुगता कामा नये. पहिल्यांदा मोकळ्या रानात, माणसांपासून लांब, डोक्याएवढ्या उंचीवर दोन मिनिटं उडवा, उतरवा आणि आठही स्क्रू पुन्हा तपासा. आणि बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, पण पुरावा म्हणून माझ्याकडं चॅटचे स्क्रीनशॉट आणि पैसे गेल्याची नोंद, एवढंच आहे.

त्या कुटुंबाचे पैसे मी परत केले. दुरुस्तीचा खर्च अजून फिटलेला नाही.

गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका ग्रुपवर नव्या नंबरवरून पाकिटांचा फोटो आला. नाव वेगळं आहे. टेबलक्लॉथ तोच हिरवा आहे.