एक खोकं की दोन? अ‍ॅक्युफेज ई-800 आणि मॅकिंटॉशची जोडी

गाडीच्या किमतीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचं ठरलंच असेल, तर आधी स्पीकर फिरवून मागची पट्टी वाचा. किती ओहम (विजेला होणारा विरोध), किती डेसिबल सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीवर किती मोठा आवाज)? निम्मा निर्णय तिथेच होतो.

अ‍ॅक्युफेज ई-800 हा 2019 सालचा जपानी इंटिग्रेटेड. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच 36 किलोच्या खोक्यात: पहिला गाणं कुठून यायचं ते (सोर्स) निवडतो आणि आवाज ठरवतो, दुसरा स्पीकरला ताकद देतो. क्लास ए (गाणं नसतानाही आत वीज वाहती ठेवणारी पद्धत), 8 ओहमवर 50 वॅट, 4 ओहमवर थेट 100. मॅकिंटॉशकडे सी22 हा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) प्रीअ‍ॅम्प आणि एमसी275 हा पॉवर अ‍ॅम्प अशी दोन वेगळी खोकी. एमसी275 मूळचा 1961 चा, मध्ये वीसेक वर्षं बंद राहून 1993 मध्ये परतलेला. चार केटी88 व्हॉल्व्ह, आणि स्पीकरशी मेळ घालणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला 4 व 8 ओहमसाठी वेगळी टर्मिनल्स. त्यामुळे कुठेही जोडा, 75 वॅट.

8 ओहमवर 75 मोठे की 50, यावर दुकानात वाद घालू नका. हा फरक जेमतेम पावणेदोन डेसिबलचा. 87 डेसिबलचा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर 87 डेसिबल देतो. दिवाणखान्यात त्याहून मोठ्याने रोज कोण ऐकतं?

खरा फरक पकडीचा. तबल्याच्या डग्ग्यावर हात घासून काढलेला घुमारा अ‍ॅक्युफेजवर जिथे थांबायला हवा तिथे थांबतो. एमसी275 वर तो किंचित सैल, पण तानपुरा आणि गळा असे भरून येतात की माझ्यासारखा ख्यालवेडा तक्रार करत नाही. स्पीकर 4 ओहमचे आणि हट्टी, म्हणजे चालवायला जड असतील तर मात्र मी अ‍ॅक्युफेजच घेईन.

वेगळा प्रीअ‍ॅम्प लागतोच का? आजचा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा) दोन व्होल्ट देतो, तेवढ्यावर बहुतेक पॉवर अ‍ॅम्प भरपूर वाजतात. प्रीअ‍ॅम्पचं काम उरतं ते आवाज कमी करण्याचं आणि सोर्स निवडण्याचं. नुसतं स्ट्रीमिंग ऐकणाऱ्याने सी22 वर पैसे घालू नयेत. एलपींचं कपाट असेल तर गोष्ट वेगळी: सी22 मध्ये फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आतच आहे, ई-800 ला त्यासाठी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. शिवाय पुढे पॉवर अ‍ॅम्प बदलावासा वाटला, तर प्रीअ‍ॅम्प तसाच राहतो.

उष्णतेत दोघेही सारखेच. गाणं सुरू नसतानाही तापतात, त्यामुळे बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात तर पंखा आणि एसीचा आवाज हाच तुमचा खरा शत्रू. व्हॉल्व्ह मात्र झिजतात आणि काही हजार तासांनी जोड्या जुळवून नवे बसवावे लागतात. अ‍ॅक्युफेजला ही कटकट नाही.

स्वस्त पडतं म्हणून परदेशातून जुना मागवणार असाल, तर मागची व्होल्टेजची पट्टी आधी फोटोत मागा. जपानी बाजारातला 100 व्होल्टचा असतो, अमेरिकी 120 चा. आपल्याकडे 230 चाच हवा.