बिल्ला हायब्रिडचा, गाडी साधी पेट्रोल

नाशिकमध्ये जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीच्या मोटरवरही चालणारी, इनोव्हा शोधत असाल तर मागच्या दारावरच्या 'हायब्रिड' अक्षरांवर जाऊ नका. ती अक्षरं सुटी विकत मिळतात. तीच चिकटवून आम्हाला साधी पेट्रोल इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडच्या भावात गळ्यात मारली.

घरात माणसं आठ, वणीच्या गडावर जाणं-येणं नेहमीचं, त्यात 2027 चा कुंभ आला की पाहुण्यांची रीघ. म्हणून हायक्रॉस. ही गाडी दोन प्रकारांत येते आणि मेख तिथेच आहे. डिसेंबर 2022 मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा साधी पेट्रोल 18.30 लाखांपासून होती, हायब्रिड 24.01 लाखांपासून. कंपनीच्या आकड्यांत मायलेज साधीचं लिटरला 16.13 किमी आणि हायब्रिडचं 23.24. बाहेरून मात्र नवख्याला फरक कळत नाही. व्हेरियंटच्या नावावरून ओळखायचं: जी, जीएक्स म्हणजे साधी. व्हीएक्स, झेडएक्स म्हणजे हायब्रिड.

डीलर मुंबई नाक्याकडचा. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी आधीच चालू, एसी फुल, गाणी लावलेली. ट्रायलला त्याने थेट उड्डाणपुलावर घातली, विल्होळीपर्यंत. वेगात हायब्रिडचंही इंजिन चालतंच, त्यामुळे काही वेगळं जाणवणार नव्हतं. गाडी थांबली की हायब्रिडचं इंजिन बहुतेक वेळा बंद होतं. परतताना द्वारकेच्या सिग्नलला इंजिन बंद होईना, तेव्हा भावाने डीलरला विचारलं. "दादा, गाडी उभी होती ना, बॅटरी उतरलीय. दोन दिवस चालवा, आपोआप होईल." आरसीवर नुसतं पेट्रोल का, तर म्हणे सगळ्या हायब्रिडला तसंच येतं. साफ खोटं. हायब्रिड असेल तर इंधनाच्या रकान्यात तसा उल्लेख असतो, आणि गाडीचा नंबर टाकला की एमपरिवहन ॲपवरही दिसतो. विम्याच्या पॉलिसीवर व्हेरियंट छापलेला असतो. आम्हाला पाठवलेल्या फोटोत नेमकी ती ओळ कापलेली होती.

सातपूरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "अहो, नारंगी वायरी कुठंयत?" हायब्रिडच्या जास्त व्होल्टेजच्या केबल नारंगी असतात. इथे एकही नाही. डॅशबोर्डवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा. हायब्रिडला त्या जागी चार्ज, इको, पॉवर असे पट्टे लागतात. गाडीचं बटण दाबलं की हायब्रिडमध्ये बहुतेक वेळा आधी नुसता 'रेडी' दिवा लागतो, त्या क्षणी इंजिनचा आवाज होत नाही. ही गाडी दाबताक्षणी गुरगुरते. म्हणूनच तर आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली होती!

डीलर आता म्हणतो, बिल्ला आधीच्या मालकाने लावला असेल. त्या मालकाला फोन केला. त्याने जीएक्स म्हणूनच विकली होती, बिल्ल्याशिवाय, आणि विकतानाचे फोटोही त्याने पाठवले. ते फोटो आणि डीलरचा 'सर, शंभर टक्के हायब्रिड' हा व्हॉट्सॲप मेसेज जोडून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर त्याचा निरोप आला: तक्रार मागे घ्या, पन्नास हजार परत देतो. फरक लाखांचा आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद वकिलाकडे दिलेत.