दारूगोळा कोठारांसाठी संयुक्त राष्ट्रांची मोफत गणन-सेवा

परदेशात तैनात असलेल्या शांतिसेनेच्या तुकडीला दारूगोळा अनेकदा कंटेनरमध्ये आणि वस्तीजवळ साठवावा लागतो. अशा ठिकाणी संयुक्त राष्ट्रांच्या ‘सेफरगार्ड’ कार्यक्रमाची संकेतस्थळावरील साधने फार मोलाची आहेत. 2011 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय दारूगोळा मार्गदर्शक तत्त्वांवर ती आधारलेली आहेत.

सर्वांत उपयुक्त साधन सुरक्षित अंतराचे आहे. स्फोटकांचे निव्वळ वजन भरले की कोठाराभोवतीची धोक्याची वर्तुळे नकाशावर उमटतात. अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने साठा आठपट झाला तरी ते दुप्पटच होते. पण याचाच अर्थ असा, की थोडा साठा हलवून धोका फारसा घटत नाही, आणि हे अधिकाऱ्याला नकाशा पाहताच उमगते. 4 मार्च 2012 रोजी काँगो प्रजासत्ताकाची राजधानी ब्राझाव्हिलमधील म्पिला येथे भर वस्तीतले कोठार उडून दोनशेहून अधिक माणसे मेली. 2016 मध्ये आपल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारातील आगीतही जवान गमावले. म्हणूनच हा नकाशा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

विल्हेवाटीसाठी उघड्यावर स्फोट घडवताना किती परिसर रिकामा करावा, याचेही गणन येथे होते. मात्र जुन्या प्रणोदकातील (गोळा पुढे फेकणाऱ्या स्फोटक चूर्णातील) स्थिरकारक, म्हणजे ते आपोआप पेटू नये म्हणून मिसळलेले रसायन, किती उरला आहे, हे प्रयोगशाळेतच तपासावे लागते. ते काम कोणतेही गणकयंत्र करू शकत नाही. भरलेले वजन चुकीचे असेल तर उत्तरही घातक ठरते, त्यामुळे प्रशिक्षित दारूगोळा तंत्रज्ञाशिवाय ही सेवा वापरू नये.