पहाटेची प्रार्थना की रात्रीची घरची उपासना?

आमच्या जालन्याकडं चर्चच्या मंडळीत हा विषय सारखा निघतो, देवासाठी वेळ काढायचा तर पहाटे एकट्यानं की रात्री सगळ्या घरानं मिळून. माझं मत पहाट. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात (1:35) येशू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, आणि तेही आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं त्यानंतर, मग त्याच्यापेक्षा बिझी कोण असणार सांगा. मोबाईल हातात घ्यायच्या आधी बायबलातलं एक स्तोत्र वाचायचं आणि शांत बसायचं. स्तोत्र 117 तर दोनच वचनांचं आहे, त्यामुळं वेळ नाही हे कारण टिकत नाही. हां, नळाला पाणी नेमकं पहाटे आलं तर ड्रम भरता भरताच प्रार्थना करावी लागते, ती पण देव ऐकतोच की.

रात्रीचं अवघड. वाळूजच्या कंपनीत सेकंड शिफ्ट असली की माणूस उशिरा घरी, कापूस वेचणीत तर बायका जेवता जेवता पेंगतात. तरी घरात लेकरं असतील तर रात्रीची सोडू नका, भाकरी खाऊन झाली की टीव्ही बंद, एक गाणं, एका लेकरानं वचन वाचायचं, आजीनं प्रार्थना करायची. लेकरू अडखळत वाचतं अन् मधेच "म्हणजे काय गं आजी" विचारतं, तेव्हा जे बोलणं होतं ते एकट्याच्या प्रार्थनेत होत नाही. मार्कचे 16 अध्याय, रोज अर्धा घेतला तरी साधारण महिन्याभरात होतात. शिफ्ट बदलती असेल तर मात्र पहाटच धरा, आणि घरची उपासना रविवारी चर्चवरून आल्यावर घ्या.