वेडेलियावर वीड मॅट: एक उन्हाळा, एक पावसाळा

आमच्या रत्नागिरीकडच्या घरामागच्या आगरात, नारळ-पोफळींच्या खाली, वेडेलिया हा पिवळ्या फुलांचा सरपटणारा वेल गुडघाभर माजला होता. गडग्यापलीकडच्या उतारावर कुणीतरी शोभेसाठी लावलेला, तिथून तो चिऱ्यांच्या फटींतून अलीकडे उतरला. रोपवाटिकेत हा ‘पटकन पसरतो, राखण लागत नाही, बारमाही फुलतो’ असं सांगून विकतात. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि तेच त्याचं दुखणं आहे. मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला हा वेल आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या 100 उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे, तरी आपल्याकडे रस्त्यांच्या दुभाजकांत अजून हौसेने लावतात.

त्याच्यासाठी काळी, विणलेली, 100 जीएसएमची (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाची) वीड मॅट, म्हणजे उजेड अडवून तण मारायला जमिनीवर अंथरायचं प्लॅस्टिकचं कापड, आणली. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात अंथरली. आता पुढचा पावसाळाही संपलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

मॅट घेण्याआधी तण ओळखून घ्या, कारण सगळा खेळ त्यावर आहे. वेडेलियाचं पान जाडसर, तकतकीत. बहुतेक पानांना दोन्ही बाजूंना एकेक कान फुटलेला, त्यामुळे ते तीन भागांचं दिसतं. फूल छोट्या सूर्यफुलासारखं, पिवळंधमक. आपला औषधी पिवळा माका याचाच भाऊबंद, पण त्याचं पान अरुंद, लांबट आणि बिनकानाचं. तो सापडला तर राहू द्या. दगडी पाला म्हणजे कंबरमोडी तर अगदीच वेगळी: पान केसाळ, फूल लांब दांड्यावर एकटं, आणि बिया म्हातारीसारख्या उडतात. वेडेलिया बियांच्या भरवशावर फारसा राहत नाही. त्याची खोडं जमिनीवरून सरपटतात आणि पेरापेराला मुळं धरतात. बोटभर तुकडा ओल्या मातीत राहिला तरी नवा वेल उभा राहतो. यातली चांगली बाजू अशी की मातीत बियांचा फारसा साठा नसतो. खोडं संपली की तण खरोखर संपतं. लव्हाळ्याचं तसं नाही. त्याच्या गाठी खोल असतात आणि टोकदार पाती प्लॅस्टिकचं आच्छादन भोसकून वर येतात. लव्हाळ्यासाठी या मॅटवर पैसे घालू नका.

अंथरण्याआधी वेल कोयतीने जमिनीलगत छाटला. छाटलेला ढीग खतखड्ड्यात न टाकता काळ्या पिशव्यांत बांधून गच्चीवर उन्हात ठेवला. तो करकरीत वाळेपर्यंत पिशवी उघडायची नाही. बेणायला येणाऱ्या वहिनींना हे सोपस्कार वाटले, पण गेल्या वर्षी उकिरड्यावर फेकलेल्या वेलाचं काय झालं ते त्यांनीच पाहिलेलं असल्याने फार वाद झाला नाही.

मॅटबरोबर आलेल्या यू आकाराच्या तारा आमच्या जांभ्यात शिरेनात, वाकल्या. शेवटी कडांवर चिरे ठेवले, ते उत्तम. कापलेली कड उसवते. तापवलेल्या सुरीने कापलं तर धागे चिकटून बसतात. झाडाभोवती मोठं भोक पाडू नका. उजेड मिळाला की वेडेलिया तिथूनच डोकं काढतो.

महिन्याभराने कोपरा उचलून पाहिलं तर खाली पांढरी, लांबुडकी, पण जिवंत खोडं! तिथे धीर सोडू नये. मार्च-एप्रिलच्या उन्हापर्यंत खाली फक्त काळपट काड्या उरल्या होत्या.

मे महिन्यात निम्मी मॅट गुंडाळली, निम्मी मुद्दाम ठेवली. खरं परीक्षण इथून सुरू होतं. ठेवलेल्या भागावर पातेरा साचला, पावसात कुजला, गडग्याकडून माती वाहून आली, आणि मॅटच्या वरच दोन बोटं सुपीक थर तयार झाला. पलीकडून आलेल्या वेलाने त्याच थरात पेरं टेकवली. मुळं विणीतून खाली घुसली. असा वेल ओढला की मॅट वर येते, मुळं तुटून विणीत राहतात, आणि खुरपं चालवावं तर मॅट फाटते. मोकळ्या जमिनीवर जे काम खुरप्याच्या दोन फटक्यांत होतं, ते इथे कातरीने करत बसावं लागलं.

गुंडाळलेल्या भागात मात्र लगेच हळद आणि आळू लावलं, मधल्या जागेत झावळ्यांचे तुकडे आणि पातेऱ्याचा जाड थर दिला. पावसात गडग्याच्या कडेने चुकार वेल आले, पण पाऊस पडून गेल्यावर माती भुसभुशीत असताना ते मुळासकट हाताने निघतात. आठवड्यातून एक फेरी पुरते. आळवाची पानं रुंद झाल्यावर तर खाली उजेडच उरला नाही.

तणनाशक वापरलं नाही. विहीर दहा पावलांवर आहे, आणि ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं अशी अधिसूचना केंद्राने 2022 मध्ये काढलेली आहे.

तर मॅटला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण तारांनी घालवला, उरलेला एक ‘वर्षानुवर्षे तणमुक्त बाग’ या पाकिटावरच्या दाव्याने. कोकणात ती ऑक्टोबर ते मे एवढ्याच मुदतीची वस्तू समजून घ्या. त्या कामाला ती पक्की आहे, आणि झटकून ठेवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकड्यावर वापरता येते. आमची आता गडग्यालगतच्या पट्टीवर गेली आहे. पलीकडच्या मालकांनी उतारावरचा वेल काढायला होकार दिलाय, पिशव्या आमच्या.