एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर: ठाण्यातल्या ऑफिस बिल्डिंगवर तीन वर्षं वापरून

वागळे इस्टेटमधल्या एका सात मजली ऑफिस बिल्डिंगचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे. लॉबीत शिरलं की समोरच ग्रीन बिल्डिंगची पाटी दिसते, पण ती बांधकामाच्या वेळी ड्रॉइंगवरून मिळालेली, बिल्डिंग रोज खरंच किती वीज खाते ते मी जॉइन झालो तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. बिल यायचं, अकाउंट्सवाले भरायचे, संपलं. मध्ये एका सल्लागार कंपनीला चांगले पैसे देऊन रिपोर्ट करून घेतला तर त्यात रंगीत चार्ट भरपूर आणि आमच्या बारा महिन्यांच्या बिलांतला एकही आकडा नाही! मग मी स्वतःच शोधाशोध केली आणि अमेरिकेच्या ईपीएचं (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं) हे पोर्टफोलिओ मॅनेजर सापडलं. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देश म्हणून भारत निवडता येतो.

काम साधं आहे. एरिया टाका, किती माणसं बसतात, आठवड्याला किती तास ऑफिस चालू असतं, किती कॉम्प्युटर, मग मीटर बनवून महिन्याची बिलं भरत जा. पूर्ण बारा महिने झाले की वर्षाला दर चौरस मीटरला किती ऊर्जा लागली ते काढून देतं. दोन बिलांच्या तारखांत गॅप राहिला किंवा एकावर एक आल्या तर लगेच लाल करून दाखवतं. हे मला फार आवडलं, कारण आमच्या फायलीत मार्चचं बिलच नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आता पहिल्या वर्षी मी काय घोळ घातला ते सांगतो, म्हणजे तुमचा वाचेल. एरिया टाकताना मी पार्किंगसकट 12,400 चौरस मीटर टाकला. वर्षाची वीज 15,64,000 युनिट, म्हणजे चौरस मीटरला 126. बीईईचा (केंद्र सरकारची वीजबचतीचे स्टार देणारी संस्था) 2009 चा मूळ स्टार तक्ता काढला, आपल्या दमट हवामानात निम्म्याहून जास्त एसी असलेल्या ऑफिसला 150 ते 125 ला तीन स्टार, 125 ते 100 ला चार. मी खुश, एका युनिटवर चार स्टार! मग सूचना नीट वाचल्या तर पार्किंग धरायचंच नाही. खरा एरिया 9,200, आकडा गेला 170 वर आणि आम्ही आलो दोन स्टारमध्ये. ब्रोकरचा सुपर बिल्टअप तर चुकूनही टाकू नका, मंजूर प्लॅन काढून आर्किटेक्टकडून एरिया घ्या. आणि स्टारसाठी खरंच अर्ज करायचा असेल तर बीईईच्या साइटवरचा चालू तक्ता बघूनच करा.

पण 170 हा आकडा समोर आला म्हणूनच पुढचं सगळं झालं. ग्राफ बघत बसलो तर दिवाळीच्या महिन्यात चार दिवस ऑफिस बंद असूनही युनिट जेमतेम कमी, आणि जानेवारी ऑक्टोबरएवढाच. बाहेर गारवा असताना एसी एवढं काय खातोय? टूलमध्ये रात्रीचं वेगळं दिसत नाही, महिन्याचंच दिसतं, म्हणून इलेक्ट्रिशियन काकांना सांगितलं की रात्री 9 ला आणि सकाळी 7 ला रीडिंग घ्या. काकांनी वहीत लिहिलं, एमएफने (मोठ्या मीटरच्या रीडिंगला ज्या ठरलेल्या आकड्याने गुणायचं तो) गुणलं, एका रात्रीत 1,100 युनिट! दुसऱ्या रात्री मी स्वतः थांबलो. चौथ्या मजल्यावर काळोख, एकही माणूस नाही आणि सीलिंगमधून गार हवेचा घोंघो आवाज येतोय. एएचयू (मजल्यावर गार हवा फिरवणारं एसीचं मशीन) रूम उघडली तर पॅनलवरचा स्विच मॅन्युअलवर, टायमर कधीतरी बिघडला तेव्हा कुणीतरी बायपास केला होता आणि तो तसाच राहिला. पाच मजल्यांवर हीच कथा. टायमर बदलून घेतले, रात्रीचं रीडिंग 470 वर आलं, ते पण सर्व्हर रूम आणि लॉबीचं. पुढच्या वर्षी एकूण 13,34,000 युनिट, म्हणजे चौरस मीटरला 145.

आता टूलमध्ये खटकलेलं. एनर्जी स्टारचा 1 ते 100 चा स्कोअर, ज्यात 50 म्हणजे बरोब्बर मधली बिल्डिंग आणि 75 किंवा वर गेलात तर सर्टिफिकेट मिळू शकतं, तो फक्त अमेरिका-कॅनडासाठी आहे. आपल्याला तो रकाना रिकामाच दिसणार, तुलना स्वतःच्याच मागच्या वर्षाशी आणि बीईईच्या तक्त्याशी करायची. मेट्रिकमध्ये उत्तर गिगाज्यूलमध्ये येतं, त्याला 278 ने गुणलं की युनिट. डिझेलचं गणित पण वेगळं आहे, लिटर टाकले की ते इंधनातली सगळी उष्णता धरतं, लिटरला साधारण 10 ते 11 युनिट, तर आपला जनरेटर त्यातून तीन-साडेतीन युनिट वीज काढतो आणि बीईईच्या हिशोबात ती वीज येते. गच्चीवरच्या सोलरचंही तसंच, टूल ती वीज धरतं, बीईई वजा करतं. म्हणून मी बीईईसाठी वेगळी एक्सेल ठेवलीय. महावितरणच्या एचटी (हाय टेन्शन, मोठ्या ग्राहकांचं कनेक्शन) बिलावर केव्हीएएच (पॉवर फॅक्टर धरून मोजलेला आकडा) आणि केडब्ल्यूएच (आपलं नेहमीचं युनिट) दोन्ही असतात, बिलिंग केव्हीएएचवर होतं म्हणून नजर तिकडेच जाते, पण टूलमध्ये केडब्ल्यूएचच टाका.

आमचं एकच एचटी कनेक्शन आहे म्हणून जमलं. तुमच्याकडे प्रत्येक गाळ्याचं वेगळं मीटर असेल तर सगळ्यांची बिलं गोळा करणं हेच खरं काम, त्यासाठी भाडेकराराच्या वेळीच अट घालून घ्या, नंतर कोणी देत नाही.

ऑस्ट्रेलियात बिल्डिंगला स्टार देणारी नाबर्स योजना आहे, तिथे रेटिंग बारा महिन्यांच्या खऱ्या बिलांवरच मिळतं, दरवर्षी नवीन काढावं लागतं आणि 1,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं ऑफिस विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर जाहिरातीत दाखवावंच लागतं. आपल्याकडे हे व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, भाडेकरूला एरियाचा रेट कळतो तसा विजेचाही कळू दे.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक स्कोअर नाही म्हणून कापला. आता पाण्याचं सुरू केलंय, त्यात टँकरला मीटर नसल्यामुळे गेटवरच्या पावत्या मोजून लिटर टाकतोय. सिक्युरिटीवाल्या मावशी रोज पावती फोटो काढून पाठवतात, मे महिन्याचा आकडा बघून त्या स्वतःच म्हणाल्या की साहेब, वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघून घ्या.