‘फुल लोडेड’ इंटरफेस घेताय? आधी हे वाचा

सेकंडहॅण्ड स्टुडिओ सामानाच्या जाहिरातीत ‘फुल लोडेड, सगळे प्लगइन्स सोबत’ असं दिसलं, की किंमत विचारायच्या आधी एक विचारा: ते प्लगइन्स, म्हणजे आवाजावर काम करणारी छोटी सॉफ्टवेअरं, कंपनीकडे कुणाच्या खात्यावर आहेत? माझे पंचेचाळीस हजार तिथेच अडकलेत. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही, तक्रार दिलेली आहे. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण तसलीच जाहिरात फोटो बदलून पुन्हा फिरतेय.

वस्तू खोटी नव्हती, हीच यातली गोम. युनिव्हर्सल ऑडिओ कंपनीचा अपोलो ट्विन हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी पेटी; त्यातही ड्युओ, म्हणजे आत आवाजावर काम करणाऱ्या दोन डीएसपी चिप. कॉम्प्युटरवर भार न टाकता या चिप प्लगइनचं काम स्वतः उरकतात. गाणारा गात असतानाच त्याच्या आवाजावर कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारा) लावता येतो आणि हेडफोनमध्ये आवाज मागे पडत नाही. माझं काम भजनी मंडळांचं आणि ऑडिओबुकचं, स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोधड्या लावलेली मागची खोली. १९६०च्या दशकातला खरा ११७६ किंवा एलए-टू-ए कॉम्प्रेसर घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं; त्यांची प्लगइनमधली प्रतिकृती मिळावी म्हणून तर ही पेटी हवी होती.

पिंपळे सौदागरला त्याच्या फ्लॅटवर गेलो. माणूस गोड. “बसा दादा, चहा घ्या, काहीतरी गाऊन बघा.” मी अभंगाची एक ओळ म्हटली. त्याने एलए-टू-ए उघडला, काटा हलला. मग आवाजाला घुमारा देणारा प्लेट रिव्हर्ब, मग टेप मशीनचा प्लगइन. एकामागून एक खिडक्या उघडत होता. “नवीन घ्यायला गेलात तर नुसते प्लगइन्सच लाखावर जातील.” सगळं वाजत होतं, आणि फार छान वाजत होतं. फक्त कंट्रोल पॅनेलमधली प्लगइन्सची यादी त्याने उघडली नाही. मी दाखवा म्हटल्यावर “नेट स्लो आहे हो” म्हणाला.

त्या यादीत प्रत्येक प्लगइनपुढे लिहिलेलं असतं, की तो विकत घेतलेला आहे की चाचणीवर चाललाय. कंपनी प्रत्येक प्लगइन १४ दिवस फुकट वापरू देते, आणि त्या काळात तो पूर्ण चालतो. आवाजात फरक नाही, काट्यात फरक नाही. गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर चाचण्या सुरू करून ठेवायच्या, की कोणतीही पेटी ‘फुल लोडेड’ दिसते.

घरी येऊन पेटी माझ्या नावावर नोंदवायला गेलो, तर सिरियल नंबर आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर. विकणाऱ्याच्याही नाही! त्याने ती बंद पडलेल्या एका स्टुडिओतून उचललेली. कंपनीचं म्हणणं सरळ आहे: ज्याच्या खात्यावर पेटी, त्यानेच मालकी बदलायला कळवायचं. आरसी बुक तिसऱ्याच्या नावावर असलेली गाडी घेतल्यासारखं झालं. मूळ मालक कोण, याबद्दल या गृहस्थाने ताकास तूर लागू दिला नाही. “मेल टाकलाय, होईल दोन दिवसांत” हे काही दिवस चाललं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक.

ब्लॉक करण्याआधी आणखी दोन गळ टाकून झाले होते. “पाच हजार टाका, प्लगइन्स असलेल्या दुसऱ्या खात्याचं लॉगिन देतो.” असलं लॉगिन अजिबात घेऊ नका. खात्याचा ईमेल त्याचा असतो. तो कधीही पासवर्ड बदलून मोकळा होतो. दुसरा गळ पेनड्राइव्हचा: ‘वेव्हजचं सगळं बंडल’, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीचे प्लगइन्स, आणि सोबतच्या फाइलमध्ये पहिलीच सूचना, अँटिव्हायरस बंद करा. क्लायंटचं रेकॉर्डिंग असलेल्या मशीनला मी तो लावलेला नाही. आयलॉकचा डोंगल, म्हणजे परवान्यासाठी लावायची यूएसबी किल्ली, विकणाऱ्यांबाबतही हेच; डोंगल हातात आला म्हणून परवाना आपला होत नाही, तो खात्यावर असतो.

अशा जाहिराती आणखी एक गोष्ट गाळतात. २०२२पासून याच कंपनीचे बरेचसे प्लगइन्स या पेटीशिवाय, थेट कॉम्प्युटरवरही चालतात. त्यामुळे ‘प्लगइन्ससाठी पेटी लागतेच’ हे सांगून चढवलेला भाव तिथेच पाडा.

व्यवहार करायचाच असेल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या खात्यात लॉगिन करायला लावा. पेटीवरचा सिरियल नंबर आणि खात्यातला नंबर जुळवा, प्लगइन्सची यादी वाचा. थोडा इसार द्या. बाकीची रक्कम पेटी तुमच्या खात्यात दिसल्यावर. खरा मालक याला कां कू करत नाही.

पोलिसांत गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, “वस्तू तर मिळाली ना तुम्हाला?” परवाना म्हणजे काय हे समजावण्यात बराच वेळ गेला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट उपयोगी पडला, कारण त्यात ‘सगळे प्लगइन्स सोबत’ असं त्याच्याच शब्दांत होतं. जाहिरात नंतर उडवली जाते, म्हणून पैसे देण्याआधीच ती साठवा. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात.

सध्या फिरणाऱ्या जाहिरातीत पेटीच्या तळाचाही फोटो आहे. सिरियल नंबरवर निळी चिकटपट्टी लावलेली आहे. ती काढून फोटो पाठवा म्हणून एकाने मेसेज केला, त्याला उत्तर आलेलं नाही.